रणगाड्याचा पंचनामा कोण करणार?

२६ जानेवारी जवळ आली की टीव्हीवर ‘बॉर्डर’ लागतो आणि हिंगोलीतल्या प्रत्येक चहाच्या हॉटेलात एकेक एअर मार्शल जन्माला येतो. रात्रभर सनी देओल ओरडतो, उजाडतं, जॅकी श्रॉफची विमानं येतात आणि पाकिस्तानी रणगाडे एकामागून एक उडत जातात. दोन कट रिचवून आमचा एअर मार्शल निकाल देतो, “विमान आलं की रणगाड्याचा विषय संपला. कशाला एवढे रणगाडे पोसायचे?” तोच निकाल पुढे मोबाइलवर फिरतो, वाहिनीवरच्या चर्चेत टाय घालून बसतो आणि अखेरीस ‘संरक्षणतज्ज्ञांचं मत’ म्हणून आमच्याकडेच परत येतो.

मला सिनेमाशी भांडण नाही. उडवाउडवी हा सिनेमावाल्याचा धंदाच आहे. माझं भांडण सिनेमा संपल्यावर सुरू होणाऱ्या अकलेशी आहे. जाड चिलखताचा रणगाडा विमानातून फोडणं हे युद्धशास्त्रातल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक आहे, आणि त्या कामाच्या यशाचे आकडे हे युद्धशास्त्रातल्या सगळ्यात फुगवलेल्या आकड्यांपैकी एक आहेत. या दोन्ही गोष्टी ऐंशी वर्षांपासून छापून पडल्यात. वाचायच्या कोणी?

हे हिंगोलीत बसून लिहिण्याचा मला थोडा हक्क आहे. आज हे गाव हळदीचं, सोयाबीनचं आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या बाराव्या गटाचं म्हणून ओळखलं जातं. पण १९०३ पर्यंत इथं हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. रिसाला बाजार, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार या आमच्या पत्त्यांत ती छावणी अजून मुक्कामाला आहे. त्या कंटिंजंटचे रिसाले पुढे इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत गेले, त्यातल्या दोघांचं १९२१ मध्ये एकत्रीकरण होऊन आजची डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट झाली. घोडे गेले, रणगाडे आले. १९६५ च्या सप्टेंबरात हीच डेक्कन हॉर्स दुसऱ्या महायुद्धातले म्हातारे शर्मन रणगाडे घेऊन खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानच्या नव्याकोऱ्या पॅटन रणगाड्यांसमोर उभी होती. तिथं पाकिस्तानने ९७ रणगाडे गमावले असं आपल्याकडचा इतिहास सांगतो. ते कुणी फोडले? आपल्या रणगाड्यांनी, जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफांनी, म्हणजे हवालदार अब्दुल हमीदांसारख्या माणसांनी. उरलेलं काम उसाच्या फडात सोडलेल्या पाण्याने केलं. पॅटन चिखलात रुतले आणि त्यांतल्या कित्येकांचे चालक उतरून पळाले. या हिशेबात विमानांचा वाटा मुख्य नव्हता. रिसाला बाजारात राहणाऱ्या माणसाला एवढं तरी ठाऊक असावं, अशी माझी माफक अपेक्षा आहे. ती पूर्ण होत नाही, कारण असल उत्तरवर सनी देओल ओरडलेला नाही.

आता लोंगेवाला, म्हणजे ‘बॉर्डर’मधली लढाई. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी ब्रिगेड टी-५९ आणि शर्मन रणगाडे घेऊन जैसलमेरच्या दिशेनं निघाली. वाटेत ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबचे सव्वाशेच्या आत-बाहेर जवान होते. जैसलमेरच्या तळावरची हंटर विमानं रात्री लढू शकत नव्हती, त्यांच्याकडे ती सोयच नव्हती. म्हणजे शत्रूचे रणगाडे दारात असताना आपलं ‘रणगाड्याचा विषय संपवणारं’ विमान उजाडायची वाट बघत धावपट्टीवर उभं होतं. रात्र काढली ती पायदळाने आणि जीपवरच्या तोफेने. पाच तारखेच्या सकाळी हंटर आले आणि त्यांनी खरोखर कहर केला. हे मी नाकारत नाही, नाकारणारा करंटा.

पण हा कहर कोणत्या परिस्थितीत झाला ते बघा. उघडं वाळवंट. लपायला झाड नाही, घर नाही, नाला नाही. मऊ वाळूत रणगाडे रुतलेले. डोक्यावर पाकिस्तानचं एकही लढाऊ विमान नाही, कारण त्यांच्या हवाई दलाने या स्वारीला संरक्षण दिलंच नाही. खालून विमानाला जाब विचारील अशी धड तोफ नाही. वर आपलं छोटं ‘कृषक’ विमान घिरट्या घालत हंटरच्या वैमानिकांना एकेक रणगाडा दाखवून देत होतं. वाळूत गोलगोल पळणाऱ्या रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या खुणांचा तो प्रसिद्ध फोटो तुम्हीही पाहिला असेल. विमानाला याहून सोयीचं मैदान जगात कुठे मिळालं असतं? अशा दिवसावरून ‘विमान आलं की रणगाडा संपला’ असा कायदा काढणाऱ्याने एकदा काश्मीरच्या दरीत, पंजाबच्या उसात किंवा लडाखच्या हवेत तोच प्रयोग करून दाखवावा.

आणि त्या मैदानावरसुद्धा श्रेय कुणाचं, यावरून पुढे निवृत्त अधिकाऱ्यांनी जाहीर भांडण केलं. जमिनीवर लढाई झालीच नाही, सगळं विमानांनी केलं, असा एक पक्ष. आम्ही रात्रभर मेलो ते काय होतं, असा दुसरा. प्रकरण अब्रूनुकसानीच्या दाव्यापर्यंत गेलं. एका ठाण्याची लढाई, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी विमानं, आणि तरी पन्नास वर्षांनंतर कुठला रणगाडा कुणी फोडला यावर एकमत नाही. मग मोठ्या युद्धांतल्या आकड्यांचं काय?

थोडं लोखंडाकडे येऊ. टी-५९ म्हणजे सोव्हिएत टी-५४ ची चिनी नक्कल, आजच्या मानानं हलका रणगाडा. तरी त्याचं समोरचं चिलखत १०० मिलिमीटर जाड, तेही तिरपं. वरच्या फिरत्या घुमटाचा चेहरा २०० मिलिमीटरच्या आसपास. कूस ८० मिलिमीटर. माथा मात्र तीसेक मिलिमीटरचा. इथेच आमच्या तज्ज्ञांचे डोळे चमकतात, ‘बघा, वरून पातळ!’ पातळ आहे. पण विमान काही आकाशातून सरळ खाली पडत नाही. ते उतरतं तिरकं. पंधरा अंशांच्या उताराने येणाऱ्या गोळीला तीस मिलिमीटरचं छप्परही तिरकंच कापावं लागतं, आणि ते अंतर भरतं सुमारे ११५ मिलिमीटर. म्हणजे छप्पर पातळ असल्याचा फायदा उताराच्या कोनातच वाहून गेला. शिवाय इतक्या कमी कोनात गोळा घुसण्याऐवजी घसरून जाण्याचीच शक्यता जास्त. कोन वाढवावा तर जमीन अंगावर येते. ताशी सातशे वीस किलोमीटरने उतरणारं विमान दर सेकंदाला दोनशे मीटर कापतं. नेम धरायला, गोळ्या झाडायला आणि वर उचलायला वैमानिकाला मिळतात काही सेकंद, तेही खालून कोणी त्याच्यावर गोळ्या झाडत असताना. हंटरच्या नाकाखाली ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा होत्या. ही तोफ मुळात दुसरी विमानं पाडण्यासाठी घडवलेली. तिने रणगाड्याचं इंजिन पेटवता येतं, बाहेर लादलेलं इंधन पेटवता येतं. चेहऱ्यावर मारली तर रंग उडतो.

आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनलेल्या मिग-२७ च्या पोटात तर सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ होती. तिचं वर्णन करताना लोकांचा आवाज चढतो, मिनिटाला हजारो गोळ्या! हो, पण विमानात गोळ्या तीनशेच्याही आत. काही सेकंदांत पोट रिकामं. ‘मिनिटाला हजारो’ म्हणणाऱ्याला ते मिनिट कधी मिळतच नाही, हे कोणी सांगत नाही. अमेरिकेच्या ए-१० विमानाची तोफ हा या जमातीतला सर्वांत मोठा देव. तिच्याही चाचण्यांत रणगाड्याच्या समोरच्या चिलखतानं दाद दिली नव्हती. जे काय झालं ते कुशीवर आणि पाठीवर.

ज्यांना हे तोंडी पटत नाही त्यांच्यासाठी पंचनामे आहेत. आम्हा हिंगोलीकरांना पंचनाम्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. कयाधूला पूर आला की एक हवाई पाहणी होते. वरून बघणारे वरच्या वर आकडा सांगून जातात. मग बांधावर तलाठी येतो, गट नंबर लिहितो, आडवं पडलेलं सोयाबीन मोजतो, आणि तो आकडा निराळाच निघतो. विमानाने फोडलेल्या रणगाड्यांचंही अगदी असंच आहे. फरक एवढाच, की तिथला तलाठी बहुतेक वेळा पाठवलाच जात नाही.

एकदा पाठवला गेला होता. ऑगस्ट १९४४, फ्रान्समधल्या नॉर्मंडीतलं मोर्तें. जर्मन रणगाड्यांच्या प्रतिहल्ल्यावर इंग्रजांची टायफून आणि अमेरिकनांची थंडरबोल्ट विमानं तुटून पडली. वैमानिकांनी फोडलेल्या आणि नुकसान केलेल्या रणगाड्यांचे सगळे दावे मिळून आकडा अडीचशेवर गेला. त्या हल्ल्यात जर्मनांकडे एवढे रणगाडे होते तरी का, हाच प्रश्न होता. मग इंग्रजांच्या संशोधन तुकडीची माणसं प्रत्यक्ष रणभूमीवर गेली. रणगाड्याभोवती फिरून, भोकं मोजून, कुठल्या शस्त्राने मेला ते त्यांनी लिहिलं. रणगाडे आणि स्वयंचलित तोफा मिळून सांगाडे सापडले ४६. त्यातले विमानाच्या शस्त्राने मेलेले ९. बाकीचे जमिनीवरच्या तोफांनी मारलेले, नाहीतर चालकांनीच सोडून दिलेले किंवा पेटवलेले.

वैमानिक खोटं बोलत होते का? नाही. धूळ, धूर, स्फोट, आणि डोक्यात रक्त चढलेलं. एकच रणगाडा चार वैमानिकांनी चार वेळा ‘मारला’. आधीच मेलेल्यावर पुन्हा रॉकेट सोडली. ट्रक पेटला तो रणगाडा वाटला. याच रॉकेटांची शांततेतही चाचणी घेतली, जर्मनांकडून पकडलेला पँथर रणगाडा उघड्यावर उभा करून. ६४ रॉकेटं सोडली, लागली ३. कुणी गोळी झाडत नव्हतं, रणगाडा जागचा हलत नव्हता, तरी ३.

पुढच्या पिढ्या शहाण्या झाल्या म्हणता? १९९१ च्या आखाती युद्धात ए-१० च्या वैमानिकांचे दावे ऐकून अमेरिकन सेनापतींनी शेवटी ठरवलं की त्यांनी तीन म्हटले तर आपण एक धरायचा. सरकारी हिशेबातच वैमानिकाच्या शब्दाची किंमत तेहतीस टक्के. १९९९ मध्ये कोसोव्होत नाटोने अठ्ठ्याहत्तर दिवस बाँब टाकले. सुरुवातीला सांगितलं, १२० सर्बियन रणगाडे गेले. नंतर खाली उतरून ९३ वर आले. पुढच्या वर्षी ‘न्यूजवीक’ने दडपलेला अहवाल छापला, त्यात उद्ध्वस्त रणगाडे होते १४. सर्बांनी लाकूड आणि ताडपत्रीचे खोटे रणगाडे उभे केले होते. जगातली सगळ्यात महागडी बाँबफेक त्यांच्यावर झाली. त्या ताडपत्रीलाही शौर्यपदक द्यायला हरकत नव्हती.

२००३ मध्ये इराकच्या करबलाजवळ अमेरिकेची ३१ अपाचे हेलिकॉप्टरं रणगाडा तुकडीवर चालून गेली. एक शत्रूच्या हद्दीत उतरलं आणि त्यातले दोघं वैमानिक पकडले गेले. बाकीची जवळजवळ सगळी भोकं घेऊन परत आली. शत्रूचं चिलखत मात्र फार कमी हाती लागलं. त्यांच्यावर क्षेपणास्त्रांचा मारा झाला नव्हता. घरांच्या गच्चीवरून बंदुका आणि विमानविरोधी तोफा चालल्या होत्या.

मग विमान रणगाड्यापुढे बिनकामाचं? तसं म्हणणाराही तेवढाच मूर्ख. रणगाड्याला दिवसाला डिझेल लागतं, गोळे लागतात, ते आणणारे ट्रक लागतात आणि ट्रकांना रस्ता लागतो. ट्रकाला चिलखत नसतं. पुलाला पळता येत नाही. १९६५ मध्ये रायविंड स्थानकावर आपल्या हंटरांनी दारूगोळ्याची मालगाडी उडवली. खेमकरणच्या पॅटनांना त्या एका गाडीची झळ शेकडो रॉकेटांपेक्षा जास्त बसली असेल, असं माझं मत आहे. आणि दुसरं काम भीतीचं. नॉर्मंडीत पंचनामा करणाऱ्यांना न फुटलेले, पेट्रोल असलेले, दारूगोळा भरलेले रणगाडे बेवारस सापडले. वरून विमान येताना दिसलं आणि आतली माणसं उतरून पळाली. लोखंडाच्या डब्यात बसलेल्या माणसाला त्या डब्याची जाडी आठवत नाही, आवाज ऐकू येतो. विमानाचं हे यश खरंच आहे. फक्त ते वैमानिकाच्या खात्यावर ‘रणगाडा उद्ध्वस्त’ म्हणून चढवू नका.

रणगाडा खरोखर फोडायचा असेल तर शस्त्र वेगळं लागतं. लेझरनं मार्ग दाखवलेला बाँब, वरून झेप घेऊन माथ्यावर आदळणारं क्षेपणास्त्र. उताराच्या कोनाचा माझा मघाचा हिशेब त्यांना लागू होत नाही, कारण ती सरळ छपरावर येतात. अपाचेवरचं हेलफायर हे असं शस्त्र आहे, आणि आपल्या हवाई दलाने २२ अपाचे घेतलीही. पण आपल्याच ‘प्रचंड’ हलक्या लढाऊ हेलिकॉप्टरची कथा ऐका. २०२२ च्या ऑक्टोबरात जोधपूरला वाजतगाजत ते हवाई दलात आलं. हिमालयात पाच हजार मीटरवर उतरू शकणारं, आपल्या हातांनी बनवलेलं यंत्र. त्याचा अभिमान मलाही आहे. तेव्हा त्याच्यावर होती २० मिलिमीटरची तोफ, ७० मिलिमीटरची रॉकेटं आणि हवेतून हवेत मारायचं मिस्ट्राल. रणगाडाभेदी ध्रुवास्त्र? ते पोखरणच्या वाळूत चाचण्या देत होतं. म्हणजे रणगाडे असलेल्या शेजाऱ्याच्या सीमेवर आपण असं हेलिकॉप्टर ठेवलं, ज्याच्याकडे रणगाडा फोडायचं क्षेपणास्त्र नव्हतं. मार्च २०२५ मध्ये अशी आणखी १५६ हेलिकॉप्टरं घेण्याचा ६२ हजार ७०० कोटींचा करार झाला. करार झाल्याच्या दिवशी वाहिन्यांनी हेलिकॉप्टर दाखवलं, संगीत लावलं, आकडा दाखवला. त्याच्या पंखाखाली काय लटकणार, हे विचारायला एकाही सूत्रसंचालकाला सवड झाली नाही.

दुसरा किस्सा याहून बरा. २०१० च्या आसपास आपण जॅग्वार विमानांसाठी अमेरिकेकडून सीबीयू-१०५ जातीचे ५१२ बाँब घेतले. एका बाँबमधून चाळीस छोटे स्फोटक गोळे सुटतात, प्रत्येक गोळा खालच्या इंजिनाची ऊब शोधतो आणि वरून छपरावर घाव घालतो. रणगाड्यांच्या ताफ्याविरुद्ध हे विमानाचं आजवरचं सगळ्यात नेमकं शस्त्र म्हणता येईल. २०१६ मध्ये बनवणाऱ्या कंपनीने हे उत्पादन बंद केलं. क्लस्टर बाँबवर जगात टीका होत होती आणि गिऱ्हाईक घटलं होतं. म्हणजे जे शस्त्र खरं काम करतं त्याचं नवं गिऱ्हाईक नाही, आणि त्याच्यावर सिनेमाही नाही. ‘बॉर्डर’वर जीव टाकणाऱ्या किती जणांनी हे नाव ऐकलंय?

आता नवा पंथ निघालाय, ड्रोनवाल्यांचा. युक्रेनमधल्या चित्रफिती बघून हे लोक रणगाड्याचं श्राद्ध घालून मोकळे झाले. काही लाखांचं ड्रोन, काही कोटींचा रणगाडा, उडाला, संपला! चित्रफीत लागलेल्या ड्रोनचीच पसरते. जामरने वाट चुकलेलं, तारेत अडकलेलं, झाडीत कोसळलेलं ड्रोन कुणी पोस्ट करत नाही. त्या ड्रोनने रणगाडे मारले हे खरं, खूप मारले. पण एकेका रणगाड्यासाठी किती ड्रोन खर्ची पडली हे विचारणाऱ्याला हा पंथ रशियाचा हस्तक ठरवतो. १९४४ च्या टायफूनवाल्या वैमानिकात आणि २०२२ नंतरच्या मोबाइलवाल्या तज्ज्ञात मला तरी काही फरक दिसत नाही. दोघेही आकाशातून मोजतात.

याची किंमत आपण मोजतो, म्हणून मी इतका चिडून लिहितोय. विमान सगळं करतं अशी समजूत झाली की पायदळाच्या हातातलं रणगाडाभेदी क्षेपणास्त्र मागे पडतं. रात्र काढायला कोण लागतं, याचा विसर पडतो. अहिल्यानगरला रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, १९९४ पासून तिथं रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. महाराष्ट्रातल्या शाळा सहलीला तिथं जातात, पोरं तोफेच्या नळीला लोंबकळून फोटो काढतात. एखाद्या मास्तरने त्यांना रणगाड्याच्या कुशीवरचं भोक दाखवून विचारावं की हे कुठून आलं असेल, वरून की समोरून? विचारील, पण आधी त्या मास्तरला ते माहीत हवं.

संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये धोरण जाहीर केलं. कुठलीही मोहीम संपल्यापासून पाच वर्षांत तिचा इतिहास लिहून छापायचा, आणि पंचवीस वर्षांनंतर कागदपत्रं खुली करायची. धोरण उत्तम. १९६५ च्या युद्धाचा सरकारी इतिहास १९९२ मध्येच लिहून तयार होता आणि पुढं कित्येक वर्षं तो ‘निर्बंधित’ शिक्का मारून कपाटात होता, हे लक्षात घेता तर फारच उत्तम. तेव्हा मंत्रालयाकडे मागणी एकच. लोंगेवाला आणि असल उत्तर इथल्या प्रत्येक उद्ध्वस्त रणगाड्याची यादी छापा. नंबर, जागा, तारीख, आणि भोक कोणत्या शस्त्राचं. पंचवीस वर्षं दोन्ही लढायांना केव्हाच उलटून गेली आहेत.